डावी बाजू माझी

नाही, नाही, तिकडून नका बघू — इकडे या, या बाजूने — ती बाजू माझी नाही. म्हणजे गाडी आमचीच आहे हो, कागदावर दोघींची नावं आहेत, घाबरू नका, चोरीची नाही — पण उजवी बाजू धाकटीची आणि डावी माझी. तुम्ही जाहिरात बघून आलात ना? जाहिरात तिनेच दिली. फोनवर तुमच्याशी बोलली ती तीच — मधाळ आवाज, 'या ना, अगदी सावकाश या' — हो ना? तीच ती. माझी सख्खी बहीण. वर तिचं पार्लर आहे, जिन्यापाशी पाटी दिसतेय ना, ते. आत्ता तिच्या खुर्चीत एक बाई बसलीय डोक्याला काहीबाही थापून, तिला तशी सोडून धाकटीला हलता येत नाही. सव्वादहाला येते म्हणालीय. म्हणजे म्हणाली नाही — लिहिलंय. ही बघा चिठ्ठी, सकाळी वायपरखाली होती — 'दहाला गिऱ्हाईक येईल. सव्वादहाला मी उतरते. तोवर बसव.' बसव! ना 'ताई', ना 'प्लीज', नुसतं बसव. तर मी तुम्हाला बसवतेय. बसा. ती खुर्ची घ्या ओढून, तिचा मागचा एक पाय जरा लंगडा आहे, पुढे टेकून बसलं की झालं. मी तोवर हा पुढचा बंपर उरकते — हात काळे आहेत माझे, नाहीतर पाणी तरी दिलं असतं.

आम्ही बोलत नाही. — तुम्ही विचारलं नाहीत, पण चेहऱ्यावर दिसलं म्हणून सांगितलं. दोन वर्षं झाली. एकाच घरात, ती वर, मी खाली, मधे चौदा पायऱ्या. भांडण वगैरे नाही हं, तसलं काही नाही — नुसतं बोलत नाही. तिचा स्वभावच तसा. एक शब्द मनाला लावून घेतला की घेतला, मग सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. जाऊ दे. तुम्ही गाडी बघायला आलात, गाडीचं बोलू.

तर गाडी. पत्रा सरळ आहे, इंजिन गोड आहे. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही — एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत होते, मुलांच्या हातात परीक्षानळ्या द्यायच्या, आम्लाच्या बाटल्या सांभाळायच्या, फुटलेल्या काचा वेचायच्या — त्या कामात खोटं बोललं की लगेच धूर निघतो. म्हणून दोष आधी सांगते. दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो. मागची डावी काच वर जाताना मधेच थांबते, तिला बोटाने जरा ढोसायचं, म्हणजे जाते. आणि हॉर्न बारीक आहे. हॉर्नबद्दल बाबांचीही पहिल्यापासून तक्रार होती. बाबा म्हणजे बसचे ड्रायव्हर, चौतीस वर्षं लोकांची बस हाकली आणि निवृत्त झाल्यावर ही घेतली, स्वतःची पहिली गाडी. पहिल्या दिवशी मोठ्या झोकात हॉर्न दाबला, आणि मग काच खाली करून इकडेतिकडे बघायला लागले — म्हणाले, 'कोण शिंकलं?' — हसा, हसा, आम्हीही हसलो होतो. दोघीही. पोट धरून, त्या तिथे, फाटकापाशी. — तर एवढे तीन दोष. आणि चौथा म्हणजे हे प्लास्टिक.

रंगाला काही झालेलं नाही, बघा, लाल तो लालच आहे. पण हे जे काळं प्लास्टिक असतं ना — बंपर, चाकांवरच्या कमानी, दारांखालची ही पट्टी, आरशांच्या टोप्या — हे उन्हाने उतरतं. आधी राखाडी, मग पांढरट, मग म्हाताऱ्या हत्तीच्या कातडीसारखं. बाकीची गाडी कितीही चकचकीत ठेवा, हे पांढरं पडलं की गाडी आजारी दिसते. महिन्यापूर्वी चिठ्ठी आली — 'गाडी विकून टाकू. कुणालाच लागत नाही.' मी उलट चिठ्ठी ठेवली — 'टाक.' एकच शब्द. ताठ्यात मीही काही कमी नाही. तीन दिवस सगळं गप्प. मग पुन्हा चिठ्ठी — 'फोटो काढायचेत. प्लास्टिक पांढरं पडलंय, लाज वाटते. डावी बाजू तू कर, उजवी मी करते.' म्हटलं, ये मैदानात! रसायनं हाताळण्यात माझं आयुष्य गेलं, आणि ही मला आव्हान देते — केसांना फेस काढणारी!

आधी साफसफाई. लोक काय करतात, धुळीवरच काहीतरी चोपडतात आणि मग म्हणतात टिकत नाही — अहो, टिकेल कसं? साबणाचं पाणी, दात घासायचा जुना ब्रश, आणि या बारीक खाचा आहेत ना, त्यांच्यातून आडवं-उभं घासायचं. कधीकाळी गाडीला केलेलं पॉलिश या खाचांत पांढरं होऊन बसलेलं असतं, ते निघेपर्यंत. मग दोन तास नुसतं वाळू द्यायचं. मग रंगाच्या कडेने ही कागदी चिकटपट्टी, म्हणजे लाल रंगावर काही जायला नको. आणि मग प्रयोग! मागच्या चाकाची कमान घेतली, चिकटपट्टीने सहा चौकोन पाडले, आकडे घातले, वही केली. चौकोन एक, स्वयंपाकाचं तेल. लावल्यावर असं चमकलं म्हणता — आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतली सगळी धूळ तिथे मुक्कामाला. चौकोन दोन, शेंगदाण्याचं लोणी — खरंच, लावतात लोक, कुठेतरी वाचलं होतं — काळं झालं, नाही असं नाही, पण मुंग्यांची रांग लागली आणि समोरच्या वायरमनचा कुत्रा तासभर चाक चाटत बसला. वहीत नोंद आहे माझ्या: 'कुत्र्यास पसंत.' चौकोन तीन, बुटाचं पॉलिश. दिसायला एक नंबर. मी खुशीत. इतकी खुशीत की अख्ख्या डाव्या बाजूला फासून मोकळी झाले. आणि दुपारी पार्लरमधून उतरलेली एक बाई, पांढराशुभ्र झगा, फोनवर बोलत बोलत आमच्या गाडीला टेकली. टेकली ती टेकली, पाच मिनिटं! मी खिडकीतून बघतेय, ओरडावं तर — कसं ओरडणार, ती तिचं गिऱ्हाईक, माझं नाही. संध्याकाळी चिठ्ठी हजर — 'तुझी बाजू माझ्या गिऱ्हाइकांना लागते.'

हसू नका. — बरं, हसा. मीही हसले, दार लावून घेऊन.

चौकोन चार ऐकण्यासारखा आहे. त्या वायरमनकडे गरम हवेचं एक यंत्र आहे, पिस्तुलासारखं. ते प्लास्टिकवर धरलं की त्याच्या अंगातलं तेल वर येतं आणि डोळ्यांदेखत पांढऱ्याचं काळं होतं. डोळ्यांदेखत! फक्त हात सारखा हलता ठेवायचा, एका जागी थांबायचं नाही, हे त्याने मला तीनदा बजावलं. आणि मी तरी पोरांना एकतीस वर्षं काय सांगत आले? दिव्यावर नळी धरली की हलवत राहा. पण चौकोन झाल्यावर मी आरशाच्या टोपीकडे वळले आणि नेमकी त्याच वेळी धाकटी जिना उतरून आली, पिशवी घेऊन, आणि मी तिच्याकडे बघत राहिले — बघत म्हणजे, बघत नव्हते, ती बघतेय का ते बघत होते — आणि इथे, आरशाखाली, लावा हात — ही लाट आली. वितळलं. हा पाचवा दोष, धरून चाला. म्हणून शेवटी हा पाचवा चौकोन जिंकला, जवसाचं तेल. सुतार लाकडाला लावतो ते. अगदी पातळ हात, दहा मिनिटं थांबायचं, मग जास्तीचं पुसून काढायचं. आणि चिंधी बोळा करून फेकायची नाही, पसरून वाळत घालायची — बोळ्यात आपोआप ऊब धरते, पेट घेते. हे कुणी सांगत नाही, मी सांगते. — सहावा? सहावा कोरा ठेवला. तुलनेसाठी. कोरा चौकोन ठेवावाच लागतो, नाहीतर काय सुधारलं ते कळणार कसं?

आणि तिकडे उजवीकडे काय चाललं होतं? पहिल्या दिवशी केसांचा रंग! वाटीत कालवला, ब्रशने लावला, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला, अर्ध्या तासाने धुतला — गाडीला गिऱ्हाईक समजली ती. काळं झालं? झालं ना — सावलीत काळं, उन्हात वांग्यासारखं जांभळं. दोन दिवसांनी पाणी मारलं तर सगळं ओघळून अंगणात. मग तिने केस वाळवायचं यंत्र आणलं, जिन्यावरून ही एवढी लांब वायर सोडून — अगं बाई, त्याने प्लास्टिक नुसतं कोमट होतं! मला सांगावंसं वाटलं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं — गिळलं. मग चार दिवस काही हालचाल नाही. मी म्हटलं, हरली. आणि पाचव्या दिवशी सकाळी दार उघडून बघते तर — तुम्हीच जा, बघून या, मघाशी मी अडवलं ते सोडा, जा.

बघितलंत? काळंभोर. कोरडं. तेलकट नाही, उगाच चमकत नाही, काल कारखान्यातून आल्यासारखं. ती वर असताना मी काय केलं, कापूस घेतला, घासला — कापूस कोरा. नखांचा रंग काढायचं पाणी लावून घासला — कोरा. वास घेतला — हो, वाकून, चाकाशी नाक लावून वास घेतला, वायरमनने ते बघितलं, तेव्हापासून तो आणि त्याचा कुत्रा दोघेही मला आपल्यातली समजतात. पत्ता काही लागेना. शेवटी नाक मुठीत धरून चिठ्ठी ठेवली — 'काय लावलंस?' उत्तर आलं — 'धंद्याचं गुपित.' ताकास तूर लागू देईल तर शपथ! — तिची बाजू माझ्यापेक्षा चांगली झालीय हे मी म्हटलं असं तिला सांगू नका हं. तुमच्या-माझ्यात.

चालली किती? आकडा समोर आहे, बघा, काहीच नाही चालली. वापर कसा आहे ते सांगते. सम तारखा तिच्या, विषम माझ्या. बाबा गेल्यावर असंच ठरलं, चिठ्ठ्यांनी. तर पहिल्याच महिन्याअखेर तिची चिठ्ठी — 'एकतीस आणि एक दोन्ही विषम. लागोपाठ दोन दिवस तुला. हा अन्याय आहे.' मी लिहिलं, 'गणिताशी भांड.' — मी कुठे नेते? भाजी आणायला नेते. बाजार? तो बघा ना, त्या कोपऱ्यावर, निळं छप्पर दिसतंय. चालत चार मिनिटं. गाडीने सात, वळसा पडतो. — मग नेता कशाला म्हणजे? नाही नेली तर तिला कळेल ना की मला लागत नाही! आणि ती तरी कुठे जाते? रोजचा आकडा टिपते मी. तिच्या तारखेला दोन किलोमीटर. कधी दीड. पेट्रोल मात्र न चुकता भरते, आणि चिठ्ठी — 'पेट्रोल भरलं.' 'मागच्या चाकात हवा कमी आहे, बघ.' 'सातव्या पायरीवर तेल सांडलंय, पुसलंय तरी जपून.' आता सातव्या पायरीवर माझं काय काम? मी वर जाते का? तरी लिहिलं. आणि मागच्या हिवाळ्यात — 'खोकला वरपर्यंत ऐकू येतो. औषध पुढच्या कप्प्यात ठेवलंय. दिवसातून तीनदा. दोनदा नव्हे.' — म्हणजे मी औषध दोनदाच घेते हे तिला — असो.

ठेवल्यात ना. सगळ्या. बिस्किटांच्या डब्यात, तारीखवार. नोंदी ठेवायची सवय आहे, बाकी काही नाही. चारशे अकरा. ही आजची 'बसव' धरून बारा.

आता गाडी गेली की — नाही, मी आपलं सहज म्हणतेय — गाडी गेली की चिठ्ठी ठेवायची कुठे? जिन्यावर ठेवली तर वाऱ्याने उडेल. दाराखालून सरकवली तर ते पत्र झालं, आणि पत्राला मायना लागतो. प्रिय लिहायचं की नुसतंच नाव, खाली तुझी लिहायचं की काय — वायपरखाली मायना लागत नाही. — हे तुम्हाला हसण्यासारखं वाटत असेल. तुम्हाला भावंडं आहेत? नाहीत? मग तुम्हाला कसं कळणार.

तुम्ही गाडी उभी कुठे करणार ते सांगा. रस्त्यावर? छप्पर नाही? झाडही नाही? मग सहा महिन्यांत पुन्हा हत्ती. नाही, मला काय, तुमची गाडी, तुमचं ऊन — पण एवढं घासून द्यायची आणि तुम्ही — कशाला हवीय तुम्हाला गाडी, तुमच्याकडे तर दुचाकी दिसतेय. — आईला? — दवाखान्यात? आठवड्यातून दोनदा. दुचाकीवर बसवत नाही आता त्यांना. — अरे देवा. हे आधी नाही का सांगायचं? मी तुम्हाला सकाळपासून वाटेला लावायच्या विचारात आणि तुम्ही आईंचं नाव काढता. आता तुम्हाला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? — नाही, नाही म्हणतेय असं नाही. विकायचीच आहे. टाक, असं मीच लिहिलंय.

कशावरून झालं? कुठे काय झालं? सांगितलं ना, काही झालं नाही. — रंगावरून झालं. गाडीच्या नव्हे. बाबांच्या.

बाबा शेवटचे दोन महिने माझ्याकडे होते, त्या पुढच्या खोलीत. केसांचा त्यांना भारी सोस. बस हाकायचे तेव्हाही खिशात कंगवा, दर पंधरवड्याला रंग, चेहऱ्यावर सुरकुत्या पडल्या तरी डोकं विशीतलं. आजारपणात सगळं पांढरं झालं, अगदी कापूस. एक दिवस मी दवाखान्यातून आले — त्यांचे कागद घेऊन, डॉक्टरांशी बोलून, आता किती दिवस ते मला एकटीला कळलेलं — आणि बघते तर बाबा उशीला टेकून बसलेत, केस काळेभोर, भांग पाडलेला, आणि धाकटी हातमोजे काढतेय. समोर कंडक्टरकाका. बाबांच्या बसवर वीस वर्षं घंटी मारली त्यांनी, ते भेटायला आलेले. आणि मी दारातूनच सुरू झाले. म्हटलं, माणूस चाललाय आणि तू त्याला रंग फासतेस? वरवर रंगवण्यापलीकडे तुला आयुष्यात येतं तरी काय? — हो. असंच. कंडक्टरकाकांसमोर. आणि 'माणूस चाललाय' हे त्या माणसासमोर. मघाशी म्हटलं ना, तिने एक शब्द मनाला लावून घेतला — तर एक नव्हता. बरेच होते. आवाज तर तुम्ही ऐकतायच माझा, चाळीस पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायची सवय.

तिने वाटी उचलली, ब्रश धुतला, वर गेली. बाबांनी हात तेवढा डोक्यावरून फिरवला, भांग विस्कटला की काय बघायला. नवव्या दिवशी गेले. आणि महिन्याभराने कंडक्टरकाका रस्त्यात भेटले, म्हणाले, 'पोरी, रंग त्यानेच लावून घेतला होता गं. मी येणार कळल्यावर धाकटीला म्हणाला, वीस वर्षं त्याने आरशातून माझं काळं डोकं बघितलंय, आता त्याला हे पांढरं नको दाखवू.' मी म्हटलं, मग ती बोलली का नाही? जागच्या जागी का नाही म्हणाली की बाबांनीच सांगितलं? तर काका म्हणाले, 'तुला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. तो म्हणाला, थोरली हसेल.'

मी हसले असते का? — हसले असते. खरंच हसले असते, आणि ते बरं झालं असतं.

पावणेदोन वर्षं झाली कळल्याला. — सांगायचं? अहो, सांगायचं म्हणजे काय, चौदा पायऱ्या चढायच्या आणि दारात उभं राहून म्हणायचं? तिच्या गिऱ्हाइकांसमोर? — हो, मी तिला कुणाच्या तरी समोरच बोलले होते, ते मला माहितेय, तुम्ही नका आठवण करून देऊ. लिहिलं होतं मी एकदा. 'माझं चुकलं.' दोनच शब्द. पाच वेळा अक्षर बदलून लिहिलं, वायपरखाली ठेवलं, आणि दिवसभर पडद्याआडून बघत बसले. ती एकदा खाली आली, गाडीवरून गेली, थांबलीसुद्धा नाही. मला इतका राग आला — म्हटलं, बघ, एवढं वाकले तरी हिची मान ताठ! संध्याकाळी लक्षात आलं — तारीख सतरा होती. विषम. माझी. माझ्या तारखेला ती काचेकडे बघतच नाही, नियम आहे तिचा. मग काय, मीच काढली, मीच वाचली, मीच ठेवून दिली. डब्यात नाही. वेगळी.

पुन्हा अठरा तारखेला? — हे तुम्ही म्हणता इतकं सोपं नसतं. सतरा तारखेचं धैर्य अठरा तारखेपर्यंत टिकत नाही हो.

अगंबाई. हे काय झालं? ही पट्टी दिसतेय ना तुम्हाला, नंबरपाटीच्या बरोबर मध्यावर उभी लावलेली? डावी मी, उजवी ती, पण बंपर कुणाचा ते ठरलंच नव्हतं, म्हणून मी मोजून मध्य काढला होता. पट्टीपलीकडे जायचं नव्हतं मला. गेले की! हातभर गेले. बोलण्याच्या नादात पार तिच्या दिव्याखालपर्यंत — तुम्ही समोर बसून बघताय आणि सांगत नाही? आता हे पुसू की राहू दे? पुसलं तर तिथे डाग, राहिलं तर ती म्हणेल — काय? मागे काय? कोण —

काय म्हणाली ती? — तुम्ही ऐकलंत ना? मला म्हणाली? — 'ताई, उन्हात नको लावूस, पट्टे पडतील.' असं म्हणाली? ताई म्हणाली? — दोन वर्षांनी तोंड उघडलं आणि काढलं काय, तर माझी चूक! कुणाला शिकवतेस गं? एकतीस वर्षं मी — हो, पडलेत पट्टे, दिसतायत मला, डोळे आहेत. सावलीच होती मघाशी, ऊन इकडे आलं त्याला मी काय करू? आणि तू लवकर कशी उतरलीस, सव्वादहा कुठे — किती? पावणेअकरा? — मग इतका वेळ जिन्यात काय करत होतीस? — बसली होतीस? — म्हणजे ऐकलंस. — किती ऐकलंस?

सगळं?

बरं झालं. पुन्हा सांगायला नको.

काय झालं? अशी काय बघतेस? — काळं लागलंय? कुठे, गालाला? मग पूस ना, माझे हात भरलेत. — हळू! मी बंपर नाही!

तुम्ही उठलात? हो, उठाच. — नाही, आज गाडी नाही दाखवता येणार. उद्याही नाही. ओलं आहे ना हे सगळं, अजून — खरं सांगू का, नाही विकायची. म्हणजे मी एकटी कोण सांगणारी, अर्धी तिची आहे. काय गं? — मान नको हलवू, तोंडाने बोल, दोन वर्षं मानच बघितली तुझी. — ऐकलंत? नाही म्हणतेय. रागावू नका. आईंच्या दवाखान्याच्या तारखा तेवढ्या फोन करून सांगा, आम्ही येत जाऊ न्यायला. दोघींपैकी कुणीतरी. — बरं, ती म्हणतेय दोघी. — उपकार कसले हो, गाडीला जरा भाजीबाजारापलीकडचं जग बघू दे.

या आता. — नको, नको, ढकलायला तुमचा हात नको. एवढी भिंतीच्या सावलीत घ्यायचीय, आम्ही दोघी पुरे आहोत. पाय बाजूला घ्या फक्त, आणि जाताना फाटक ओढून घ्या. — तू मागून, मी स्टिअरिंगला. — का म्हणजे? मोठी कोण? — हं, सोडला ब्रेक. लाव जोर.